चंदरची नवी खोली

किहीम,
माघ, १९४९

प्रिय चंदर,

तुझी खोली पुरी झाली. कौलं चढली, भिंतींना चुना लागला. खिडकीतून सुपारीची वाडी दिसते. वैशाखात तू नवरी घेऊन येशील तेव्हा तिला आवडेल. जमीन जमनाने चोपली होती. दुपारभर चोपणं घेऊन बसायची आणि वहिनी कशी आहे, गोरी की सावळी, असं विचारत राहायची.

जमना आणि तिचा म्हातारा सासरा, टेकचंदकाका, पावसाळ्याआधी आपल्याकडे आले हे तुला ठाऊक आहे. सिंधमधून आलेल्यांना कल्याणच्या छावणीत जागा पुरेना म्हणून मामलेदारांनी गावोगाव विचारलं आणि बाबांनी पडवी दिली. तिचा नवरा वाटेतच गेला. मला ती ‘आदी’ म्हणायची, त्यांच्यात ताईला तसं म्हणतात. मी नवऱ्यामागे माहेरी परतलेली, तिचाही नवरा गेलेला. आमचं जमलं.

तुला ठाऊक नाही ते असं, की त्यांना ठेवून घेण्याबद्दल सरकार बाबांना माणशी भत्ता देत होतं. बाबा अलिबागला कचेरीत जाऊन तो आणायचे. मला म्हणाले, “गावात बोलायचं न्हाय, आणि त्यांनाही नको.” मी बोलले नाही. दसऱ्याला गावाने देवळात बाबांना नारळ आणि उपरणं दिलं. बेघरांना फुकट पोसणारा माणूस म्हणून. जमना सगळ्यांसमोर बाबांच्या पाया पडली. मी खांबामागे उभी होते. तिथेच उभी राहिले.

ती उजाडायच्या आत उठून झाडलोट करायची, विहिरीचं पाणी भरायची, वाडी शिंपायची. जेवताना एका भाकरीवर हात आखडता घ्यायची. “बस आदी, पोट भरलं.” काकांनी दूध सोडलं, पचत नाही म्हणाले. मी आग्रह केला नाही. खरं लिहिते चंदर, एकदोनदा उरलेली भाकरी टोपलीत ठेवताना मला बरं वाटलं होतं.

मागच्या आठवड्यात कचेरीतला नवा कारकून चौकशीला आला. बाबा वाडीत होते. अंगणात काका सुपारी सोलत बसलेले. त्यांनाच त्याने विचारलं, “भिकूशेठना तुमचा भत्ता मिळतोय ना वेळेवर? तुमची काही तक्रार?” काकांनी दोनदा विचारून घेतलं, कसला भत्ता. मग म्हणाले, “काही तक्रार नाही साहेब. फार चांगली माणसं आहेत.” आणि पुन्हा सुपारी सोलू लागले.

कारकून गेला. जमनाने पडवीतून सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता ती भांडेल. तिने भांडायला हवं होतं. ती चुलीपाशी आली, माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, “आदी, आधी सांगायचं होतंस. मी पोटभर जेवले असते.”

दुसऱ्या दिवशी दोघं बैलगाडीने रेवसला गेली, तिथून लाँचने मुंबई, पुढे कल्याणची छावणी. जाताना तिने पडवी सारवून ठेवली. बाबा म्हणतात, “सरकारनं दिलं, आपण घेतलं. चोरी केली काय? घर आपलं, मेहनत आपली.” त्यांचं सगळंच खोटं नाही. पण त्यांनी उपरणं पेटीत तळाशी घातलंय, आणि जेवताना माझ्याशी बोलत नाहीत.

लग्नाची तारीख कळवायला सांगून बाबांनी मला पत्र लिहायला बसवलं. ती अक्षय तृतीया ठरली आहे. पण ज्या खोलीत तू संसार मांडणार, तिची कौलं कशातून आली हे तुला कळल्याशिवाय तू तिथे राहायला येऊ नयेस, म्हणून हे सगळं लिहिलं. तू कल्याणलाच रेल्वेत आहेस, तेव्हा छावणीत जाऊन जमनाला शोध आणि माझ्या वतीने माफी माग, असं लिहिणार होते. लिहिता लिहिता कळलं की हेही मी दुसऱ्यावरच ढकलतेय. तेव्हा तू फक्त त्यांचा ठावठिकाणा काढ. सोमवारच्या लाँचने मी येते, भाऊच्या धक्क्यावर घ्यायला ये. तिच्यासमोर मीच बोलेन. ती तोंड फिरवेल, कदाचित नाहीही फिरवणार, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. बाबांना वाटतंय मी लग्नाच्या साड्या घ्यायला निघालेय. ते वाडीतून आले की त्यांना खरं सांगते, आणि मगच हे पत्र टपालात टाकते.

तुझीच,
कोकिळाआक्का