मागच्या दारचा विस्तव

मास्तर, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की महाडात तुमच्या घराच्या जागी आता कापडाचं दुकान आहे, आणि जिथे बसून तुम्ही माझ्या लेखावर लाल पेन्सिल चालवायचात तिथे गिऱ्हाइकांना लुगडी उलगडून दाखवतात. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलत नाही, लिहितो आहे, आणि लिहायला तुम्हीच शिकवलंत. परवा मुंबईहून एक बाई आल्या होत्या, कॉलेजात समाजशास्त्र शिकवतात. माझा तो एकुलता एक लेख त्यांच्याकडे अजून वाचला जातो म्हणाल्या. मग वही काढून त्यांनी विचारलं, यात ‘लेखकाची आई’ असा उल्लेख आहे, त्यांच्याबद्दल आणखी काही सांगाल का? मी त्यांना चहा दिला आणि सांगण्यासारखं काही नाही म्हणालो. त्या गेल्यावर कप विसळून ठेवला आणि हे लिहायला बसलो.

तुम्हाला आठवायला लावतो. मी तेव्हा पोलादपूरच्या शाळेत मास्तर होतो. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मोटार मिळाली तर मोटारीने, नाहीतर चालत महाड गाठायचो, ते तुमच्यासाठी. तुम्ही मला इंग्रजी शाळेत शिकवलंत, डोंगरातल्या वाडीचा मुलगा बी. ए. होऊ शकतो हे आमच्या घरी येऊन सांगितलंत, आणि मुंबईच्या त्या इंग्रजी त्रैमासिकाचे अंक मला वाचायला देणारेही तुम्हीच. “असल्या त्रैमासिकात आपल्या कुलाबा जिल्ह्यातलं काही येत नाही. तू लिही,” म्हणालात. मी गावकीवर, वाडीचा न्यायनिवाडा करणाऱ्या मंडळीवर, लिहायला घेतलं. पहिला मसुदा तुम्ही दोन बोटांत धरून परत केलात. ‘असे म्हणतात’ हे तीनदा आलं होतं. कोण म्हणतं, कुठे म्हणतं, तू ऐकलंस की पाहिलंस, असं विचारत तुम्ही मला ओटीवर तासभर उभं ठेवलंत. मला राग आला नाही. उलट रस्ताभर मी स्वतःला तेच प्रश्न विचारत परत आलो. कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं, चार बोटं समास सोडायचा, दुसऱ्याचं मत घेतलं तर खाली टीप द्यायची, हे सगळं तुमच्याकडून शिकलो. तुमचे वकील मित्र त्यांच्या कारकुनाकडून टंकयंत्रावर प्रती काढून द्यायला तयार झाले, तेही तुमच्या शब्दाखातर. एवढं केलंत, मान्य आहे. आणि त्या प्रत्येक शनिवारी तुमच्या घरी चहा प्यायल्यावर माझा पेला मी स्वतः धुऊन अंगणातल्या कोनाड्यात पालथा ठेवत असे, कारण तो घरात जात नव्हता. आपण दोघं वाळीत टाकण्याच्या चालीवर चर्चा करत होतो, मास्तर, आणि माझा पेला बाहेर होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तेव्हा मला ते खुपलंही नाही, इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

लेखात काय होतं ते तुम्हाला पाठ होतं, तरी सांगतो. आमच्या वाडीत शिमग्याला देवाची पालखी दारोदार फिरते. ज्या घराला गावकीने वाळीत टाकलं असेल त्याच्या दारात ती थांबत नाही. सरळ पुढे जाते. त्या घराशी कोणी बोलत नाही, शेताला हात लावायला कोणी येत नाही, चूल विझली तर विस्तव देत नाहीत. खालच्या अंगाचं एक घर गावकीचा निवाडा डावलून महाडच्या कोर्टात गेलं म्हणून त्याच्यावर ही पाळी आली होती. हे सगळं कोणीही लिहिलं असतं. माझ्या लेखात जे नवं होतं ते मला आईने सांगितलं. मी चुलीपाशी बसून नाचणीची भाकरी खात होतो, ती तव्यावर पुढची टाकत होती, आणि सहज बोलता बोलता म्हणाली की त्या घरातली सून बाळंत झाली तेव्हा तिला शेकायला विस्तव नव्हता, म्हणून आपण परड्यातून, मागच्या दाराने, खापरात निखारे नेऊन दिले. एकदा नाही, बाळंतिणीचे दिवस सरेपर्यंत. वर आणखी म्हणाली, अशी मी एकलीच नाय. मी घास तसाच हातात धरून ऐकत राहिलो. पुरुषांनी पुढच्या दाराला घातलेली बंदी बायका मागच्या दाराने मोडतात, हे कुठल्याही पुस्तकात मी वाचलं नव्हतं. आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला काय वाटलं कोण जाणे. “ह्या भाईर बोलू नको रे,” म्हणाली. “बायकांचा काम बायकांत ऱ्हाऊ दे. आपल्याला हितंच ऱ्हायाचा हाय.”

म्हणून मी ‘एका वाडीत’ आणि ‘एक स्त्री’ असं लिहिलं. तुम्हाला ते आवडलं नव्हतं, पण तुम्ही प्रत तशीच जाऊ दिलीत. पत्ता मात्र तुमचा घातलात. पोलादपूरच्या प्राथमिक शाळेचा पत्ता संपादकांना बरा दिसणार नाही, असं म्हणालात, आणि तेही मला खरं वाटलं. काही महिन्यांनी उत्तर आलं ते तुमच्याच घरी. लेख पसंत आहे, पण स्थळ आणि माहिती देणाऱ्या व्यक्तीचा निर्देश नसेल तर त्याला शास्त्रीय लेख म्हणता येणार नाही, तेवढी दुरुस्ती करून पाठवावा. तुम्ही पत्र माझ्यापुढे धरलंत तेव्हा तुमचा चेहरा उजळला होता. मी पत्र वाचून घडी घातली आणि लेख परत मागवा म्हणालो. तुम्हाला पटेना. इंग्रजीत छापलेलं तुमच्या वाडीत कोण वाचणार आहे, असं तुम्ही मला समजावलंत. मी म्हणालो, वाचणारा नसला तरी सांगणारा भेटतो. तुम्ही हसलात. “बरं, ठेव इथे. मी बघतो,” म्हणालात. या शब्दांवर विसंबून मी पोलादपूरला परतलो आणि मुलांना भागाकार शिकवायला लागलो. तुम्ही बघितलंत. ‘एक स्त्री’ खोडून ‘लेखकाची आई’ केलंत, वाडीचं नाव घातलंत, छापखान्यातून तपासायला आलेले कागदसुद्धा मला न दाखवता तपासून परत धाडलेत. ते नाव मी आजही इथे लिहीत नाही. मला जे सांभाळता येतं ते मी सांभाळतो.

आणि मग शिमगा. मुंबईची माणसं गावी आलेली, देवळाच्या मांडवात पाय ठेवायला जागा नाही, आणि तुम्ही काळा कोट घालून घामाघूम होऊन डोंगर चढून येता आहात. वाडीत एवढा मोठा माणूस शिमग्याला कधी आला नव्हता. गावकीचे मुख्य, गावकर, स्वतः पुढे होतात, तुम्हाला घोंगडीवर बसवतात, हातात नारळ देतात. तुम्ही पिशवीतून अंक काढून माझ्या हातात ठेवता. मी पान उघडतो न उघडतो तोच तो परत घेता आणि उभे राहता. तुम्हाला वाटत होतं की गावाने स्वतःचं वर्णन ऐकलं की गावाला लाज वाटेल आणि रूढी सुटेल. वर्गात मुलाची चूक मोठ्याने वाचून दाखवली की मूल सुधारतं, तसं. अख्खी हयात शाळेत घालवलेला माणूसच ही चूक करू जाणे. तुमचा आवाज चांगला होता. एक एक वाक्य इंग्रजीत वाचून तुम्ही त्याचं मराठी करत होतात, आणि वाडीचं नाव आलं तेव्हा मुंबईची पोरं खूश होऊन टाळ्या वाजवत होती. मग बाळंतीण आली, खापर आलं, मागचं दार आलं. टाळ्या थांबल्या. मी तुमच्या कोटाची बाही ओढली, तुम्ही ती सोडवून घेतलीत.

गावकरांनी शांतपणे विचारलं, “मास्तर, येवढा सांगा, त्या घरात इस्तव नेला कुनी?”

आणि तुम्ही, मास्तर, माझ्या खांद्यावर हात ठेवून अभिमानाने म्हणालात, “याच्या आईने.”

त्या दिवशी पाहुण्याचा मान राखला. तुम्हाला जेवू घातलं, वाटेला लावायला माणूस दिला. गावकी बसली ती पालखी देवळात परतल्यावर. आईला विचारलं, तिने नाही म्हटलं नाही, आणि आमचं घर वाळीत पडलं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, ते मी त्या आठवड्यात पाहिलं. शेजारीण विहिरीवर आई आली की घागर अर्धी भरून निघून जाई. ज्या बायकांनी आईसारखेच निखारे नेले होते त्या तर आईकडे बघेनातच. त्यांची नावं आईने गावकीपुढे घेतली नाहीत, आणि मलाही शेवटपर्यंत सांगितली नाहीत.

पण वाट अगदीच बंद नव्हती, म्हणून तर माझा राग जात नाही. गावकर मला ओढ्यावर एकट्याला भेटले. “मास्तरांनी येऊन देवासमोर सांगावा, ही दुसऱ्या गावची गोष्ट हाय, लिवताना चूक झाली,” म्हणाले. “आम्हाला पन तुझ्या आईला भाईर ठेवायची हौस नाय.” मी त्याच पावली महाडला आलो. तुम्ही जेवून आडवे झाला होतात. मी ओटीखाली उभा राहून सगळं सांगितलं आणि हात जोडले. तुम्ही उठून बसलात, चष्मा लावलात. “अरे, छापलंय ते खरं आहे,” म्हणालात. “खरं ते खोटं म्हणून सांगायला मी डोंगर चढून येऊ? मग तुला इतकी वर्षं शिकवलं काय?” मग बराच वेळ समजावत राहिलात. समाज बदलायचा तर कोणाला तरी झळ लागणारच, आणि माझ्या आईचं नाव आता शास्त्रात राहिलं. कुठलं नाव? तिचं नाव तुम्हाला माहीत तरी होतं का? तुम्ही आमच्या घरी येऊन दोनदा तिच्या हातचं दूध प्यायलात, पण त्या अंकात ती ‘लेखकाची आई’ आहे आणि मुंबईच्या बाईंनाही तेवढीच माहीत आहे. झळ लागणारच म्हणे. झळ लागली ती माझ्या आईला, तुमच्या अंगाला ऊनसुद्धा लागलं नाही. त्या दिवशीही तुमच्या घरून मला चहा आला. पेला धुऊन मी कोनाड्यात ठेवला, आणि पुन्हा तुमच्या अंगणात पाऊल टाकलं नाही.

पुढच्या शिमग्याला आईने अंगण सारवलं. मी नको म्हणत होतो. तिने रांगोळी घातली, ताटात नारळ, हळदकुंकू, निरांजन घेतलं आणि दारात उभी राहिली. ढोल जवळ येतो, पालखी वळणावर दिसते, खांदेकऱ्यांत माझा चुलतभाऊ आहे. पालखी आमच्या अंगणापाशी येते आणि न थांबता पुढे जाते. चुलतभाऊ मान खाली घालतो. आईने ताट खाली ठेवलं नाही, पालखी पार पुढच्या आळीला जाईपर्यंत धरून राहिली. मग आत येऊन तिने निरांजन देव्हाऱ्यात ठेवलं आणि मला विचारलं, “त्या बुकात लिवलाय काय रे, त्या बाळंतिणीचा पोर जगला म्हनून?” नव्हतं लिहिलं, मास्तर. चाल होती, निवाडा होता, खाली टिपा होत्या. पोर जगलं हे वाक्य माझ्या मसुद्यात नव्हतं आणि तुमच्या लाल पेन्सिलीलाही त्याची उणीव भासली नाही. मी आईला म्हणालो, हो, लिहिलं आहे. ती समाधानाने चुलीकडे गेली. खोटं बोलणं इतकं सोपं असतं, मास्तर, आणि त्याला डोंगरही चढावा लागत नाही.

त्याच पावसाळ्यात तुम्ही तापाने गेलात. सगळं महाड तुमच्या मागून नदीवर गेलं म्हणतात. मी पोलादपुरात होतो आणि वर्गाला सुट्टी दिली नाही. तुमच्याबरोबर ती एकच वाटही गेली, कारण चूक झाली म्हणायला आता तुम्हीच उरला नव्हता आणि माझा शब्द गावकी धरणार नव्हती. आई आणखी काही वर्षं तशीच जगली. ती गेली तेव्हा तिच्या माहेरची माणसं शिवथरच्या खोऱ्यातून चालत येईपर्यंत आम्ही थांबलो. वाडीतून खांदा द्यायला एकच माणूस आला, खालच्या घरचा, त्या मुलाचा बाप. येताना त्याने स्वतःच्या चुलीतले निखारे मडक्यात घालून आणले होते. पुढच्या दाराने आला.

हे पत्र कुठे पाठवायचं मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी तुम्ही त्यावर लाल पेन्सिल चालवली असती. म्हणून चुलीत घालणार आहे. पण त्याआधी एक सांगून टाकतो, जे आईलाही सांगितलं नाही. त्या दिवशी मांडवात तुम्ही अंक माझ्या हातात दिलात आणि मी पान उघडलं, तेव्हा तिथे माझं नाव छापलेलं होतं. खाली काय आहे ते मी पाहिलंच नाही, नुसतं नाव पाहिलं. तुम्ही अंक परत घेईपर्यंतच्या त्या क्षणात मला इतका आनंद झाला की तसा पुढे कधी झाला नाही, लग्नात नाही, मुलगा झाला तेव्हाही नाही. मी मनातल्या मनात तुमच्या पाया पडलो. तो नमस्कार परत घ्यायचा इतकी वर्षं प्रयत्न करतो आहे, मास्तर, पण तो अजून तुमच्याकडेच आहे.