जुना फोन फार बोलतो

प्रिय मुंगळे,

अक्षर लागत नसेल तर दोनदा वाच. चार यत्ता शिकलेल्या बाईला एवढं लिहायला दोन दिवस लागलेत. तुझा बाप बरा आहे. फ्रेमा करतो, काचेने बोट कापून घेतो आणि रोज सकाळी नव्या फ्रेमेचा फोटो दुकानाच्या वेबसाइटवर टाकतो. तू कुठे आहेस ते मी त्याला सांगितलेलं नाही. त्याच्या पोटात काही राहत नाही.

सोमवारी तुझा नवरा दुकानात आला. वेबसाइट त्यानेच करून दिलेली, त्याला अडवणार कोण? कॉम्प्युटरवर एक यादी उघडून म्हणाला, आजी, रोज सकाळी साडेसातला एकच फोन आपलं पान उघडतो. मी म्हटलं, असेल कोणी तुझ्यासारखं रिकामटेकडं. तो हसला नाही. मॉडेल वाचून दाखवलं आणि म्हणाला, हा फोन मीच तुम्हाला घेऊन दिलेला ना, कुठाय तो? मी म्हटलं, असेल कपाटात, शोधते.

तो गेल्यावर समोरच्या फोन दुरुस्तीवाल्याला गाठलं. तो म्हणाला, पान उघडताना ब्राउझर आधी स्वतःची ओळख देतो: मी अमुक, फोन तमुक, इतका जुना. त्याला युजर एजंट म्हणतात. एजंट म्हटल्यावर चुगली आलीच. नव्या फोनवरचे ब्राउझर म्हणे कमी बोलतात, आणि तसे फोन लाखो असतात, त्यात माणूस हरवून जातं. जुना मात्र सगळं ओकतो, आणि तसला दुसरा कोणाकडे नसतो.

म्हणजे चूक माझी. नवऱ्याने मोडलेला हात गळ्यात बांधून तू निघालीस, तेव्हा तुझा नवा फोन काढून घेऊन माझं डबडं मीच तुझ्या हातात दिलं. वाटलं, याच्याकडे कोण बघतंय. रडत बसले नाही, पण दोन वेळा जेवण गेलं नाही.

आता कामाचं. शुक्रवारी तो परत येणार आहे, यादीत फोनबरोबर गावही उमटेल अशी सोय करायला. टपाल तोवर पोचायचं नाही, म्हणून काचेच्या गाडीवाल्याच्या हाती हे पत्र देते आहे. दुकानाचं पान पुन्हा उघडायचं नाही, कुठल्याच फोनवरून नाही. बापाच्या फ्रेमा बघितल्या नाहीस म्हणून मरत नाहीस. दुरुस्तीवाल्याकडे तसलंच मॉडेल भंगारात पडलं होतं, ते चालू करून घेतलंय, ब्राउझरही तसाच जुना. शुक्रवारपासून साडेसातला ते पान मी उघडणार, आपल्या घरातून. यादीत फोन तोच दिसेल आणि गाव आमचं. मग म्हणू दे त्याला, म्हातारीच रोज लेकाच्या फ्रेमा बघत होती.

तुझीच, आणि शुक्रवारपासून तुझ्या जागी बसणारी,
आजी