म्हसोबाचा नवा ओटा

२० सप्टेंबर
सकाळपासून विजा. मोबाइलवर इशारा आला: जोराचा पाऊस, ओढ्याकाठी थांबू नका. मामांना वाचून दाखवला. ते फडक्यात भाकरी बांधत होते. "त्या मोबाइलला काय ठावं आपला वढा? काठावरच्या म्हसोबाच्या पायाला पाणी लागलं की निघतो बघ." गेले ओढ्यापलीकडे, खालच्या वावरातल्या आखाड्यावर, पत्र्याच्या गोठ्यात बैलांपाशी. सासऱ्याला सून काय अडवणार!

२१ सप्टें.
पाऊस थांबायचं नाव नाही. बोरीचा रस्ता बंद. सोयाबीन गेल्यात जमा. ह्यांनी फोन लावला, तर मामा खुशीत. "म्हसोबा कोरडा हाय. मी च्या करायलोय." मी फोन घेतला, म्हटलं, मामा, या ना घरी. "लय भेतीस गं तू."
राग आला, रडूही आलं. त्यांच्यासाठी टाकलेली भाकरी तशीच राहिली.

२२, सकाळ
पीठ मळताना एकदम डोक्यात आलं. ओटा! चैत्रात गावानं म्हसोबाला नवा ओटा बांधला. देव कमरेएवढा वर गेला. नारळ मामांनीच फोडला. आणि पाणी बघताहेत जुन्याच हिशोबानं. देवाचे पाय भिजेपर्यंत आखाडा कुठला राहतोय?
पिठाच्या हातानंच ह्यांच्याकडे पळाले. ऐकून ह्यांनी फोन उचलला. "आमच्या कुणाच्याच कसं ध्यानात आलं न्हाई?" फोन लावतोय, लावतोय. लागत नाही.

दुपारी
सगळं गाव काठावर. ओढा कसला, नदीच. आखाड्याचे पत्रे तेवढे दिसतात. पत्र्यावर कुणी नाही. म्हसोबा ओट्यावर कोरडा बसलाय. पहिल्यांदाच देवाला शिवी दिली. तहसीलला कळवलंय, बोट येणार म्हणे. कधी ते...

२३ सप्टें.
सोन्या आला! बैल. एकटाच, खालच्या अंगाला काठाला लागला. हे त्याच्या गळ्यात पडून रडले. मी दावं शोधत होते. गळ्यात दावं नाही. तुटलं असतं तर तुकडा लोंबला असता. मामांची गाठ बैलाच्या हिसक्यानं सुटत नाही. त्यांनीच सोडलाय, पाणी गोठ्यात शिरल्यावर. म्हणजे तोवर तरी ते
बोट आत्ता पलीकडे गेली. मी चूल पेटवलीय. मामांच्या वाटच्याही भाकरी टाकतेय.