खिडकीच्या गजाला बांधलेला मायक्रोफोन

मुलींचे वसतिगृह, अमरावती
१२ डिसेंबर १९६३

प्रिय विमल,

तुझे पत्र मिळाले. माझ्या आईच्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रणात गाण्यामागे घरातली थोडी गडबड आली असणार, तेव्हा ते रेडिओकडे पाठवण्याजोगे नाही, असे तू लिहिले आहेस. मी फितीचे स्पूल ताबडतोब परत करावे, म्हणजे त्याच फितीवर नवे मुद्रण घेता येईल, आणि त्यासाठी नाताळच्या सुट्टीत आईला घेऊन पुन्हा अकोल्याला यावे, असेही सुचवले आहेस. उत्तराला उशीर झाला. एरवी तुझ्या पत्राला मी त्याच दिवशी उत्तर लिहीत असे, हे तुला ठाऊक आहे. या वेळी तीन मजकूर लिहिले आणि तिन्ही फाडले; हा चौथा मात्र पेटीत टाकण्याचा निश्चय केला आहे.

गेल्या मे महिन्यातली, अकोल्याच्या जुन्या शहरातल्या तुमच्या घराची ती मागची खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. तुझ्या गोपाळकृष्णदादांनी मुंबईहून टेपरेकॉर्डर आणला आणि नोकरीवर परत जाताना तो आपल्या दोघींच्या हवाली केला. पहिल्या दिवशी आपण मायक्रोफोन यंत्राशेजारीच टेबलावर ठेवला होता, तुझ्या गाण्यापेक्षा मोटरची गुणगुण मोठी आली आणि तू म्हणालीस, “जयवंता, हे माझं गाणं नव्हे, पिठाची गिरणी आहे.” मग मी पुस्तकपंडित म्हणून पुढे सरसावले. यंत्र दाराबाहेर नेले, भिंतींवर गोधड्या टांगल्या, खाली सतरंजीवर सतरंजी घातली. मायक्रोफोन पाळण्याच्या कडीला टांगला. पण पावलांचा धक्का तुळईतून त्याच्यापर्यंत पोचत होता, म्हणून मधे तुझ्या जुन्या परकराचे इलॅस्टिक बांधले. ‘भ’ आणि ‘फ’ उच्चारताना फुंकर बसे, त्यासाठी त्याला रुमालाची टोपी घातली. तोंडासमोर न धरता जरासा बाजूला, दीड वितीवर ठेवला की आवाज स्वच्छ येतो, हे आपण कितीदा चुकून शोधले! वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी मी त्या खोलीत दिवसभर बोलत असे. उकाड्याने दोघीही घामाघूम होत असू, आणि तुझे वडील मोरोपंत दारातून विचारत, “काय हो शास्त्रज्ञ, चहा चालेल का?” कोणाच्या घरात इतक्या आतपर्यंत मी त्यापूर्वी कधी गेले नव्हते.

त्याच खोलीत आईची गाणी घ्यायची, ही कल्पना तुझी. आई जात्यावर गाते, धम्म घेतल्यापासून जुन्या ओव्यांत नवे शब्द गुंफते, हे मी तुला सांगितले होते. जाते नसेल तर तिला गाता येत नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आमचे लहान जाते पोत्यात बांधून चांदूर बाजारहून मोटारीने निघालो. कंडक्टरने विचारले, “काहो माय, गाडीतच दळान काढता का?” आई म्हणाली, “काढतो ना बापू, जवारी तू दे.” सगळी मोटार हसली. वाटेत मी तिला त्या खोलीविषयी सांगत राहिले: गोधड्या, पाळण्याची कडी, रुमालाची टोपी. ती म्हणाली, “माह्यासाठी येवढी खोली सजवली का वो तुमी पोट्ट्याईनं?” मी हो म्हटले.

आम्ही पोचलो तेव्हा मायक्रोफोन कडीला नव्हता. तो खिडकीच्या गजाला ओसरीकडे तोंड करून बांधलेला होता, यंत्र आत होते आणि ओसरीवर आईसाठी चटई अंथरलेली होती. तू धावत बाहेर आलीस आणि मला म्हणालीस, “खोलीत जात्याची घरघर घुमते गं. मोकळ्यावर आवाज कसा सुटा येतो बघ.” मला ते तत्काळ पटले. दगडावर दगड फिरतो, त्याचा घुमारा चार भिंतींत कोंडणारच. गोधड्या त्याला कितीशा पुरणार? आईचा चेहरा किंचित उतरलेला पाहून मीच तिला हे सारे समजावून दिले, हातवारे करून. ती म्हणाली, “बरं बाई, तुले समजते.” तू आम्हा दोघींना पितळी पेल्यांतून चहा दिलास, आणि नुकत्याच नाशिकहून परतलेल्या तुझ्या गोदावरीआत्यांना बरे नाही म्हणून त्या बाहेर येत नाहीत, असे सांगितलेस. मग तू आत यंत्रापाशी गेलीस आणि खिडकीचे दार अर्धे ओढून घेतलेस. आई गायली. तिचे चौथे गाणे मी आधी कधीच ऐकले नव्हते. ते तिने तिथेच जुळवले असावे:

लेक माही शिकू लागली, पाटी घेऊन हातात
थिच्या पाटीचा उजेड, माह्या दळत्या जात्यात

गाण्यांचे शब्द उतरवून देण्यासाठी तू स्पूल माझ्याकडे दिलेस. आमच्या मराठी विभागात यंत्र आहे; सरांच्या परवानगीने मी संध्याकाळी तिथे बसत असे. विमल, माझा स्वभाव तुला माहीत आहे. एक अक्षर जरी संशयास्पद वाटले तरी मी ते सोडत नाही. चौथ्या गाण्याच्या खाली काही कुजबुज होती. तिच्यामुळे आईचा एक शब्द लागत नव्हता, म्हणून मी ती जागा पुन्हा पुन्हा ऐकली. कानाला सवय झाल्यावर दोन आवाज वेगळे झाले. पहिला तुझ्या आत्यांचा: “त्या बाईला आत नाही ना घेतलंस?” आणि मग तुझा, अगदी सहज, हसरा: “नाही गं आत्या. आवाज घुमतो म्हणून सांगितलं. जयवंता हुशार आहे ना, शास्त्रीय कारण दिलं की लगेच पटतं तिला. आईला तर तिनंच समजावलं.” आत्यांनी विचारले, “आणि ती स्वतः? उन्हाळ्यात सारखी यायची म्हणे.” तू म्हणालीस, “ती ओसरीवरूनच परत जायची.”

मायक्रोफोनचे तोंड बाहेर होते, तेव्हा त्याला पाठीमागचे ऐकू येणार नाही, असे तू गृहीत धरलेस. तो दोन्हीकडचे ऐकतो. तो कडीला टांगलेला असतानाच हे आपल्याला कळायला हवे होते. पण तेव्हा त्याच्या सर्व बाजूंना आपणच दोघी होतो.

तुझ्या आत्यांचा मला राग आलेला नाही, असे लिहिले तर ते खोटे होईल. परंतु त्यांच्याकडून मी दुसरी अपेक्षा केली नव्हती. ‘आत्या परत आल्या आहेत, आत बसवणे जमणार नाही’ असे तू मला एका ओळीने कळवले असतेस, तर आम्ही आलो नसतो आणि मी एक दिवस रडले असते. तू तसे केले नाहीस. माझ्यापाशी जी एकच गोष्ट होती, कारण समजले की मान्य करण्याची बुद्धी, तीच हेरून तू माझ्या आईला बाहेर बसवण्याचे काम माझ्याकडून करवून घेतलेस. आणि तो मे महिना! ती खोली मी तुझ्यासोबत उभी केली. तिथली प्रत्येक गाठ माझ्या बोटांनी बांधली. एका वाक्यात तू मला तिथून पुसून टाकलेस. आता पत्रात तू त्या संभाषणाला ‘घरातली गडबड’ म्हणतेस. म्हणजे ते बोलणे फितीवर आले असणार हे तुला मागाहून उमगले आहे आणि मी ते ऐकले नसावे अशी आशा धरून आहेस. हे वाचल्यावर माझ्या मनात तुझ्यासाठी काही सबब शिल्लक राहिली नाही.

हे आईपासून लपवायचे मी ठरवले होते. मधला तुकडा कात्रीने कापून फीत जोडावी असा विचार केला. परंतु तुमचे बोलणे गाण्याच्या खालीच आहे, ते कापले तर गाणे जाते. इतक्यात आई बाजारासाठी अमरावतीला आली आणि म्हणाली, “माहा आवाज मले आयकव.” दोन स्पूले फिरताना पाहून ती लहान मुलीसारखी हरखली. चौथे गाणे आले तेव्हा मी आवाज कमी करायला हात पुढे केला. तिने माझे मनगट धरले. “थांब. आयकू दे.” तिने सगळे ऐकले, पुन्हा लावायला सांगितले, पुन्हा ऐकले. नंतर बराच वेळ पदराची दशी ओढत राहिली. मी म्हणाले, आई, विमलने ही फीत परत मागितली आहे. हे पुसून नवे घेणार आहे, तुलाही बोलावले आहे. तिने विचारले, “थ्या दोघी बोलून राह्यल्या होत्या अन् मी गाऊन राह्यली होती. माहा आवाज वर हाय का नाई?” मी म्हणाले, वर आहे. “मंग पुसाले काऊन देते? ठेव. अन् मी काई जात नाई आता तिकडं.”

म्हणून हे पत्र लिहिले. तुमचे स्पूल मी परत करणार नाही. त्याच्या बदल्यात त्याच मापाचे कोरे स्पूल या पत्रासोबत पार्सलने पाठवीत आहे. उतरवलेल्या गाण्यांचा कागदही त्यात ठेवला आहे, कारण ते काम मी अंगावर घेतले होते. चौथ्या गाण्याखाली ऐकू आले तेही त्यात शब्दशः उतरवले आहे. रेडिओकडे काय पाठवायचे ते तू ठरव. आईच्या गाण्यांपैकी मात्र काही पाठवू नकोस.

जयवंता देवमन तायडे