ज्याचं नाव काढायला सांगितलं

सर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याशी मनातल्या मनात बोलायची सवयही सुटली होती. पण गेले काही दिवस माझं डोकं ठिकाणावर नाही, आणि जे झालं ते सांगावं असं तुमच्याशिवाय कुणी आठवत नाही. मला एका माणसाचं नाव काढून टाकायला सांगितलं. त्याचं काय चुकलं, असं मी विचारलं, तर म्हणाले, काहीच नाही. सर, हे 'काहीच नाही' मला अजून पचलेलं नाही.

आपण तुमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरवर तो प्रोग्रॅम केला होता ना, टाइप केलेलं मराठी ब्रेलच्या ठिपक्यांत बदलून छापयंत्राला देणारा, तिथूनच सुरू करते. मी कॉलेजात होते, तुमच्या अंध मुलांच्या परीक्षेला लेखनिक म्हणून यायचे. वर्गात तुम्ही पुस्तकी मराठी बोलायचात आणि घरी आलात की पुन्हा तुमच्या करकंब गावचे व्हायचात. तुमच्या स्वयंपाकघरात कुणी मदत केलेली तुम्हाला खपायची नाही. मी ओट्याला टेकून उभी आहे, तुम्ही चहा गाळताय, कपाच्या कडेला आतून बोट लावून, चहा बोटाला लागला की थांबताय. मी तोऱ्यात सांगते, "सर, एक कंपनी आपला प्रोग्रॅम विकत घेते म्हणते. फक्त लॉक करून द्यायचा." तुमचा हात थांबतो. "कुनासाटी केलास गं त्यो?" मी म्हणते, मुलांसाठी. "मग पोरांच्या पुस्तकाला कुलूप घालतीस व्हय? तसं असंल तर हितनं पुढं माज्याकडं यिऊ नगंस." चहा दिलात आणि पाठ फिरवून भांडी घासायला लागलात. मी सायकलवरून रडत घरी गेले होते. त्यानंतर आपण तो नेटवर सगळ्यांना खुला करून टाकला. कुणीही घ्यावा, आतली प्रत्येक ओळ वाचावी, हवी तशी बदलावी. याला ओपन सोर्स म्हणतात, असं मी सांगितल्यावर तुम्ही हसलात. "नाव कायबी दे. पोरास्नी मिळतंय न्हवं?"

तुम्ही गेल्यावर मला इराणमधून एका माणसाची मेल आली. तोही तुमच्यासारखाच अंध, अंध मुलांच्या सरकारी शाळेत गणित शिकवणारा. आपला प्रोग्रॅम फारसीसाठी वापरला तर चालेल का, असं त्यानं विचारलं होतं. मी लिहिलं, विचारायचं कारणच नाही. त्यानं फारसी जोडली आणि मग आपल्याला कधीच धड जमलं नव्हतं ते केलं: अपूर्णांक, वर्गमुळं, समीकरणं. आज आपल्या शाळेतली मुलगी गणिताच्या पुस्तकावरून बोट फिरवते तेव्हा तिच्या बोटाखाली त्या माणसाचं काम असतं. हळूहळू आम्ही दोघं त्या प्रोग्रॅमचे सांभाळकर्ते झालो, म्हणजे कुणी पाठवलेला बदल आत घ्यायचा की नाही ते ठरवणारे. कधी भेटलो नाही. सोलापूरचा उन्हाळा किती तापला ते तो विचारायचा, अंगणातल्या नारिंगीला फुलं आली की मला कळवायचा, त्यांचा वास कसा असतो ते दोन ओळींत लिहायचा. मला 'खानूम' म्हणतो, म्हणजे आपल्याकडचं 'बाई'. पुढे पसारा वाढला, तेव्हा अमेरिकेतल्या एका संस्थेनं आम्हाला आपल्या छत्राखाली घेतलं. प्रोग्रॅम त्यांच्या मशीनवर राहायला गेला आणि तिथूनच ठिकठिकाणच्या शाळा नवी आवृत्ती उतरवून घेऊ लागल्या. आम्हा दोघांनाही हायसं वाटलं होतं.

त्या संस्थेची मेल आली तेव्हा सकाळची वेळ होती आणि तव्यावर भाकरी होती. मेलमध्ये लिहिलं होतं की निर्यात-निर्बंधांच्या नियमांनुसार तुमच्या सहकाऱ्याचं खातं बंद करण्यात आलं आहे, सांभाळकर्त्यांमधून त्याचं नाव तुम्ही काढून टाकावं, आणि इथून पुढे त्यानं पाठवलेला कोड स्वीकारू नये. मी ते दोनदा वाचलं आणि ठरवलं की ही कुणीतरी फसवायला पाठवलेली मेल आहे. निर्यात कसली? आपण काय कंटेनर भरून धाडतो? भाकरी करपली, घरभर धूर झाला, आणि मी फोन हातात धरून तशीच उभी.

फसवणूक नव्हती. संध्याकाळी त्या संस्थेच्या बाईंनी मला व्हिडिओवर घेतलं. सर, त्या बाई वाईट असत्या तर बरं झालं असतं. त्या चांगल्या होत्या, रडवेल्या झालेल्या होत्या. त्यांनी समजावून सांगितलं की अमेरिकेतून काही देशांना काय द्यायचं नाही याचे कायदे आहेत आणि त्यात सॉफ्टवेअरही येतं. सगळ्यांसाठी खुला असलेला कोड त्यातून सुटतो, पण त्या देशातल्या माणसाला खातं देणं, त्याच्यासोबत काम करणं, ही सेवा धरली जाते. शिवाय तो सरकारी शाळेत नोकरीला, म्हणजे सरकारचा माणूस.

"तो आंधळ्या मुलांना गणित शिकवतो," मी म्हणाले. "त्याचं काय चुकलं?"

"काहीच नाही. मला माहीत आहे."

"मग त्यानं लिहिलेलं गणिताचं सगळं काम? तेही काढायचं?"

"नाही, नाही. काम राहू द्या. ते खुलं आहे, त्याला काही अडचण नाही. फक्त तो नको."

त्यांनी हे इतक्या सरळ सांगितलं की आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच पुढच्या क्षणी ऐकू आलं असावं. मग खाली बघत म्हणाल्या, "आणि कृपा करून त्याला यातून वाट काढायला मदत करू नका. नाहीतर आम्हाला अख्खा प्रोग्रॅमच बंद करावा लागेल."

मी कॉल बंद केला आणि बाल्कनीत जाऊन बसले. समोर रोजच्यासारखी रिक्षांची रांग लागलेली, खालच्या गाड्यावर भजी तळली जात होती.

त्याला तोवर काहीच माहीत नव्हतं. दुसऱ्या पत्त्यावरून त्याची मेल आली: खानूम, आपलं पान उघडत नाही, माझा स्क्रीन वाचणारा आवाज सारखं 'तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही' म्हणतोय, मशीन बिघडलंय का बघता? पुस्तकं छपाईला जायची आहेत, समीकरणात एक चूक सापडली आहे, ती दुरुस्त करून ठेवली आहे. सर, त्याला वाटलं मशीन बिघडलंय. मी फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं,

"माझं नाव त्यांनी काढलं की तुम्ही काढायचं आहे?"

"मी काढायचं आहे."

"मग काढा, खानूम. माझ्या एका नावासाठी तुमच्या मुलांची पुस्तकं अडू नयेत." आणि लगेच, शिक्षकाच्याच आवाजात, "पण ती समीकरणातली चूक तेवढी दुरुस्त करा. मी सांगतो, तुम्ही लिहून घ्या."

मला हुंदका आवरेना. मी म्हटलं, मला असं लिहून घेता येत नाही, संस्थेनं मनाई केली आहे. तेव्हा पहिल्यांदा तो चिडला. "चूक दुरुस्त करायलाही मनाई?" फोन कट झाला. त्यानं ठेवला की लाइन गेली, मला कळलं नाही.

मी नाव काढलं नाही, सर. प्रोग्रॅम खुला आहे, म्हणजे त्याची नक्कल कुणीही कुठेही ठेवू शकतं. मी ती शाळेत आणली. तुमच्या जागी आलेल्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी भुवया वर केल्या, "आपल्यावर काही बालंट येणार नाही ना?" असं विचारलं, आणि मग उत्तराची वाट न पाहता कॉम्प्युटरच्या खोलीत एका मशीनसाठी जागा करून दिली. संस्थेला मी कळवलं की मी इथून निघते, तुमच्याकडच्या नकलेवरून त्याचं नाव काढायचं तर तुमचं तुम्ही काढा. त्यांनी काढलं. त्या दिवशी मी ते पान उघडून पाहिलं. त्याच्या समीकरणांच्या ओळी तशाच होत्या आणि सांभाळकर्त्यांच्या जागेवर कुणाचंच नाव नव्हतं. कुणी मेल्यावरही इतक्या स्वच्छ रीतीनं पुसलं जात नाही.

आता शाळाशाळांना फोन करून नवा पत्ता देते आहे. काहींना पटतं. काही म्हणतात, मॅडम, जुनं चाललंय की, कशाला बदलायचं? दोन ठिकाणी मला सांगितलं, या भानगडीत आम्हाला घेऊ नका. आमचं मशीन मंद आहे, वीज गेली की बंद पडतं. पण काल इराणमधून पान उघडलं. समीकरणाची दुरुस्ती त्यानं स्वतः पाठवली, सोबत एकच ओळ होती: बिघाड नव्हता तर. मी ती दुरुस्ती घेतली. आपल्या शाळेनं लगेच गणिताचा एक धडा छापला, आणि सातवीतली एक मुलगी कागदावर बोट फिरवत म्हणाली, "मॅडम, आता बरोबर हाय की."

हे मी शाईनं कागदावर लिहिते आहे. तुम्ही असतात तरी तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागलं असतं, आणि ते तुम्हाला मुळीच आवडलं नसतं. पाठवायचं तर नाहीच आहे.

एक सांगायचं राहिलं. मी नोकरी करते त्या कंपनीचं सगळं काम अमेरिकेचं आहे. शाळेत मशीन बसवण्याआधी, हा कायदा मलाही लागतो का, हे मी आमच्या ऑफिसातल्या वकिलाला विचारायला हवं होतं. त्याची केबिन माझ्या टेबलापासून लांब नाही. दारापर्यंत गेलेही होते. पण विचारलं नाही. तो नाही म्हणाला असता, तर मी ऐकलं असतं, सर.