टेबलाखालची मिरची

प्रिय ओमेश,

‘प्रिय’ लिहायची हाताला सवय आहे म्हणून लिहिलं, फार मनावर घेऊ नकोस. तुझा निरोप मिळाला. मोठी बहीण आहे, उत्तर तर द्यावंच लागतं.

तूच म्हणाला होतास की ताई, मिरचीचे दोन्ही वाण दोन्हीकडे लावू आणि खरंखोटं बघू. तुझं संकरित आणि मायचं देशी. अर्धी रोपं गोंदियाला तुझ्या शेडनेटमध्ये, अर्धी इथे देवरीला, धान निघालेल्या माझ्या बांधीत, उघड्या शेतात. माय गेल्यावर आपण दोघांनी मिळून केलेलं ते पहिलंच काम, म्हणून मी हौसेनं प्रत्येक तोड्याची वही भरली. तुझ्या सावलीत जोमानं आलेल्या संकरितानं माझ्या उन्हात मान टाकली, फळं आखूड, वाकडी. मायची मिरची तुझ्या सावलीत बोटभर लांब झाली, पण साल पातळ, वाळल्यावर पांढरट, तिखट नावाला. तीच माझ्या बांधीत दहा दिवसांआड पाणी पिऊन लहान राहिली, पण गर्द लाल झाली. कुटायला बसले तर शेजारची रुख्मिणी खोकत उठून गेली. ज्याची जागा त्याला मानवते, एवढं सांगायला तुझं काय जात होतं?

गोंदियाच्या शेतकरी मेळाव्याला मी माझ्या बांधीतल्या मिरच्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसने आले. तू दोन्ही वाण मांडलेस, पण दोन्ही तुझ्याच शेडनेटमधले. माझी पिशवी टेबलाखाली सरकवलीस आणि लोकांना सांगितलंस, देशी वाणात आता दम राहिला नाही. तुला संकरिताची रोपं विकायची होती, हे मला तिथे उभं राहून कळलं. राग आला, ओमेश, आणि तो अजून आहे. मेळावा बघायला आलेल्या चैतराम काकांनी वाकून त्या पिशवीतली एक मिरची चावली, डोळे पुसले आणि विचारलं, “इतकी चांगली मिरची टेबलाखाली काऊन ठेवली गा?”

“काही नाही जी, घरची आहे,” तू म्हणालास.

मायनं तीस वर्षं राख लावून जपलेलं बियाणं ते.

आता लोक तीच मिरची मागतात, म्हणून तुला बियाणं हवं आहे, पाकिटावर तुझं नाव छापून. ते मी परवाच गावातल्या चाळीस घरांत मूठमूठ वाटलं, काकांनाही पाठवलं. तुलाही विसरले नाही. सोबत पावशेर मिरची आहे. अंगणात बसून एकेक फोडली आणि बिया झाडून घेतल्या. शोधत बसू नकोस, एकही राहिलेली नाही.

बहीण बदलता येत नाही म्हणून अजून तुझीच,
शामकला