रडवणारे संदेश

१२ मार्च

मातृदिन नऊ दिवसांवर, आणि आमच्या सगळ्या दुमयात शहराला एकदम आई आठवली! सकाळपासून माझ्या फोटो स्टुडिओत रांग. लग्नाचे फोटो कोणी काढत नाही आता. मोबाईलवर पाठवायचे संदेश मात्र हवेत. गुलाब, कबुतर, आईचा तरुणपणीचा फोटो, खाली दोन ओळी. प्रत्येकाची मागणी एकच: "अगं इन्साफ, असं लिही की ती रडली पाहिजे!"

जन्मभर रडवलंत, ते पुरलं नाही?

१४ मार्च

फर्निचरवाला शुकरी आला. बायका दोन. "मजकूर एकच ठेव, नावं तेवढी बदल." म्हटलं, मुलांची आई म्हणून देताय, तर दुसरीला मूलच नाही. म्हणाला, "मग तिच्यात कबुतरं जास्त घाल."

घातली. नऊ!

१५ मार्च

आज उस्ताद वगदी. शाळेत मला व्याकरण शिकवणारे मास्तर. बायको बद्रिया त्यांच्याशी अकरा वर्षं बोलत नाही. घर एकच, खोल्या दोन. ती ताट दाराशी ठेवते, ते घेतात. गल्लीला सगळं ठाऊक.

कारणही ठाऊक. मुलाच्या साखरपुड्याला तिनं पत्रिका उलटी धरली होती. हे भरल्या मांडवात व्याह्यांना म्हणाले, "हिला उलटं काय नि सुलटं काय, सारखंच!" सगळे हसले. तीही हसली म्हणे. दुसऱ्या दिवसापासून तोंड बंद.

आता माफी मागायचीय. मोबाईलवर.

"मास्तर, आवाजात बोला ना. मी रेकॉर्ड करते."

"मी भाषेचा शिक्षक. लिहूनच देणार."

"पण त्यांना वाचता येत नाही!"

"शेजारीण वाचून दाखवेल."

अडाणी म्हटल्याची माफी — लेखी! धन्य आहे.

१७ मार्च

मास्तरांचा चौथा मसुदा. 'माझ्या जीवनाच्या चंद्रा' — खोडलं. "तिला चंद्र म्हटलं तर ती समजेल कोणी दुसऱ्याच बाईचा मेसेज चुकून आला." गुलाब नको, कबुतर नको. मग उरलं काय?

मास्तरांनी खुर्ची वळवली. मग खिडकीकडे बघत सांगत गेले, मी टाईप करत गेले: 'बद्रिया, मी तुला हसलो. लोकांनी हसावं म्हणून हसलो. माफी असावी. तुझ्या हातचं ताट रोज येतं, तेव्हा मला लाज वाटते.'

मी चेष्टा करणार होते. जमलं नाही.

१८ मार्च

मास्तरांनी दोनदा तपासलं, मग पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. दुपारभर माझ्या स्टुलावर बसून होते, गिऱ्हाइकांना अडचण!

२१ मार्च

मातृदिन. टाईप करून करून बोटं मोडायची वेळ. कोणाची तरी आई खरंच रडली म्हणून मुलगा मशब्बक मिठाईचा डबा देऊन गेला. गोड इतकं की दात शिवशिवले.

२२ मार्च

बद्रियाबाई आल्या. काळी ओढणी, हातात फोन. वाटलं, वाचून दाखव म्हणतील. मी हात पुढे केला, तर त्यांनी फोन मागे घेतला. अक्षरांखाली बोट फिरवत सगळा संदेश स्वतः वाचला. मोठ्यानं. सावकाश. एकदाही न अडता.

माझं तोंड उघडंच.

"मशिदीत बायकांचा वर्ग असतो. चार वर्षं जातेय."

"मास्तरांना माहीत नाही?"

"सांगणार कसं? बोलत होतं कोण?" मग फोन माझ्यापुढे धरला. "पोरी, 'माफी'त एक अक्षर राहिलंय."

खरंच राहिलं होतं! चूक माझी. पण तपासलं होतं मास्तरांनी — दोनदा.

उत्तर लिहून देऊ का विचारलं. "हात लावू नकोस." वीस मिनिटं लागली त्यांना. मी लांब उभी राहिले. कोणी आलं की, थांबा म्हणत होते.

२३ मार्च

मास्तर धापा टाकत आले. फोन दाखवला: 'हे तोंडानं सांगा. आणि माफी नीट लिहा.'

"कोणी लिहून दिलं तिला?"

"कोणी नाही. त्यांनीच लिहिलंय."

त्यांनी फोन पुन्हा डोळ्यांजवळ नेला. "कधी शिकली ही?"

म्हटलं, "घरी जाऊन विचारा, मास्तर. समोरच्याच खोलीत राहतात त्या."